यिन बाओच्या कपाळावरचा डाग

आमच्या ह्वेइताईचा स्वभाव वाईट होता, असं गल्लीत अजून बोलतात. बोलणाऱ्यांना बोलू दे. पस्तीस वर्षं मी तिच्या शेजारी बसून काम केलं, तरी तिच्या स्वभावाला काय नाव द्यावं ते मला ठरवता आलेलं नाही. एक खरं, की ती काही विसरत नसे. परवा कुणाच्या घरी आमटीत मीठ कमी होतं तेही नाही, आणि अठरा वर्षांपूर्वी कोण कुठे उभं राहून काय बोललं तेही नाही.

लिनश्यांगच्या पूर्व वेशीला लागून पट रंगवणाऱ्यांची नऊ घरं आहेत. मोठ्या घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे निरोप येतो. रेशमाचा पट, माणसाहून लांब, वर बाह्या पसरलेल्या झग्यासारखा रुंद आणि खाली अरुंद. वर सूर्य आणि त्यातला कावळा, चंद्र आणि त्यातला बेडूक, त्याखाली आभाळाचं दार आणि दाराशी दोन रखवालदार. मधे गेलेलं माणूस स्वतः. अगदी तळाला, माशांवर पाय रोवून सगळी पृथ्वी डोक्यावर तोलणारा राक्षस. अंत्ययात्रेत हा पट बांबूला लावून पुढे नेतात, मग आतल्या शवपेटीवर पालथा घालतात आणि वर माती लोटतात. वर जाणाऱ्याला वाट सापडावी आणि रखवालदारांना त्याची ओळख पटावी, म्हणून तो.

माझं काम रेशमाला खळ द्यायचं आणि रंग धरून राहावा म्हणून त्यात मिसळायचा सरस उकळायचं. नवरा लवकर गेला, पदरात दोन मुली, तेव्हा ह्वेइताईचे वडील, तान गू, यांनी मला कामाला घेतलं. तानकाका थोर कारागीर. नदीकाठी बसून भाताबरोबर कमळाचे देठ चघळत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "तीनशे माणसं मी आभाळात पोचवली, एकानंही परत येऊन तक्रार केली नाही."

आमच्या खोऱ्यातल्या जहागीरदाराचा कारभारी होता यिन बाओ. उंच, गोरापान, बोलायला लोण्यासारखा. जहागीरदाराची म्हातारी आई वारली तेव्हा तो पटाचं काम घेऊन आला आणि म्हणाला की, पटावर जेडच्या कड्यातून ओवलेले दोन ड्रॅगन हवेत. तानकाकांनी हात जोडले. ते ड्रॅगन राजाच्या घरचे. जहागीरदाराच्या आईला ते चालत नाहीत, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. यिन बाओ हसला. परवानगी आली आहे म्हणाला, आणि बांबूच्या पट्टीवर लिहिलेला हुकूमही दाखवला. तानकाकांना वाचता येत नव्हतं. खाली लाल ठसा होता, तेवढं त्यांनी पाहिलं. पट्टी तो परत घेऊन गेला.

परवानगी कसली आणि काय. धनी खूश व्हावा म्हणून कारभाऱ्यानं केलेला तो उद्योग. दोन महिन्यांनी राजाच्या तपासनिसाच्या कानावर गेलं. यिन बाओ त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि रडत म्हणाला, की त्या पट रंगवणाऱ्याला दारूची सवय आहे, त्यानं आपल्या मनानं काढलं, आमचं लक्ष गेलं तोवर पेटीवर माती पडली होती. तानकाकांनी पट्टीचं सांगितलं. पट्टी कुठे आहे, असं विचारलं. पट्टी नव्हतीच.

तुम्ही आजकालची माणसं, तुम्ही डागी तोंडं पाहिलेली नाहीत. तेव्हा कपाळावर सुरीनं अक्षरं कोरत आणि जखमेत शाई भरत. मग डोकं भादरून तटाच्या भिंतीच्या कामाला पाठवत. जन्मभर तो माणूस ज्या दारात जाईल, तिथे त्याचं कपाळ त्याच्या आधी जाऊन बोलत असे.

त्या दिवशी सकाळी चौकीवरचा शिपाई गल्लीत आला. चांगली काजळाची शाई हवी, चौकीतली पसरते, म्हणाला. ह्वेइताई तेव्हा एकोणीस वर्षांची. तिनं बसून शाई घोटली, सरस अगदी बेतानं घातला आणि वाटी भरून दिली. कशाला हवी ते विचारलंसुद्धा नाही. वडिलांची चौकशी चालू आहे एवढंच आम्हाला माहीत होतं. दोन दिवसांत घरी येतील असंच सगळे धरून चाललो होतो.

दुपारी ते गल्लीच्या तोंडाशी दिसले, दोन शिपायांच्या मधे. कपाळ सुजून वर आलेलं, आणि त्यावर अक्षरं. शाई कुठेही पसरली नव्हती.

ह्वेइताई पुढे झाली. शिपायांनी तिला जवळ येऊ दिलं, तेवढी माणुसकी दाखवली. तानकाका तिच्या बोटांकडे बघत होते. काळी बोटं, अजून धुतलेली नव्हती.

"शाई तू घोटलीस?" त्यांनी विचारलं.

ती मान हलवून हो म्हणाली.

"चांगली घोटलीस," ते म्हणाले, आणि चालू लागले.

दुसऱ्या हिवाळ्यात ते भिंतीच्या कामावरच वारले. छातीत कफ झाला होता. उत्तरेच्या तटाबाहेर कैद्यांचा खड्डा आहे, तिथे त्यांना टाकलं. वर एक फुटकं कौल, त्यावर नाव. पट नाही, पेटी नाही, तांदळाचा घास नाही. ज्या माणसानं तीनशे जणांची वाट काढली, तो कपाळावर कैद्याची खूण घेऊन अंधारात चाचपडत असणार, हे ह्वेइताईच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. तिचं लग्न ठरलेलं होतं, लाखेचं काम करणाऱ्या एका घरात. त्यांनी निरोप पाठवला की मुलीची पत्रिका आमच्या मुलाशी जुळत नाही. आधी जुळली होती.

एकदा मी तिला म्हटलं, की रंगाच्या कोठीत विषारी मनशीळ पोत्यानं पडली आहे. चिमूटभर कुणाच्या दारूत गेली तर कोण बघतंय. ती सूर्य रंगवत होती. हातातला कुंचला थांबला नाही.

"मेला की सुटला तो," ती म्हणाली. "मला तो सुटायला नकोय, निंग. त्याला माझ्याकडे यावं लागेल. मरायच्या आधी या गल्लीत प्रत्येकाला यावंच लागतं. मला फक्त इतकं चांगलं व्हायचंय, की तो दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही."

आणि ती तशी झाली. बाकीच्या आठ घरांचे कारागीर ड्रॅगन सुरेख काढत, ढग सुरेख काढत, पण चेहरा म्हटलं की सगळ्यांची म्हातारी एकाच आईच्या पोटची वाटे. ह्वेइताई मेलेल्या माणसाला तासभर बघे आणि असा काढे, की घरातली माणसं पटाकडे पाठ करून जेवायला बसू शकत नसत. राजवाड्यातून तिला बोलावणी येऊ लागली. डागी कैद्याची मुलगी हे लोकांनी बोलायचं सोडलं, निदान तिच्यासमोर.

मधे एका पावसाळ्यात यिन बाओला दलदलीचा ताप आला. आता काही वाचत नाही, असं सगळे म्हणत. ह्वेइताई सोळा दिवस रोज पहाटे नदीच्या देवीला तांदळाची दारू वाहायला जात होती. मी विचारलं, कुणासाठी. म्हणाली, त्याला बरं वाटावं म्हणून. माझा हात अजून तयार नाही. तो बरा झाला, तेव्हा तिनं घरी येऊन मासे तळले आणि मला आणि मुलींना जेवायला ठेवून घेतलं.

अठरा वर्षं गेली. यिन बाओ तोवर कारभारी राहिला नव्हता. राजाच्या पदरी मोठा अंमलदार झाला होता, स्वतःचा वाडा, स्वतःचे नोकर. जिवंतपणीच आपल्या थडग्याची तयारी करून ठेवायची त्या लोकांची रीत. एका सकाळी तो पालखीतून गल्लीत उतरला. केस पांढरे, पण चेहरा तसाच गोरा, कपाळावर सुरकुती नाही. मी दारात सरस ढवळत होते. मी पळा मडक्यातून बाहेर काढून ठेवला.

ह्वेइताईनं त्याला बसायला चटई दिली. तो तिला ओळखत होता. लपवलंही नाही.

"तान गूची मुलगी ना तू?" तो म्हणाला. "तुझ्या बापाचा हात सोन्याचा होता. डोकं जरा गरम."

"हो मालक," ती म्हणाली. "आता थंड झालंय."

मी जमिनीकडे बघत राहिले. तो मात्र हसला, त्याला ते बोलणं आवडलं. मग म्हणाला, पट असा हवा की आभाळाच्या दाराशी मला क्षणभरही थांबावं लागू नये. चेहरा हुबेहूब हवा. आणि मधे कड्यातून ओवलेले दोन ड्रॅगन. त्याच्या हुद्द्याला आता ते चालत होते. राजानं तशी मेहेरबानी केली होती, आणि या वेळी पट्टी खरी होती. त्यानं ती मोठ्या हौसेनं वाचून दाखवली.

अकरा दिवस आम्ही दोघी त्याच्या वाड्यावर जात होतो. तो खिडकीशी बसे, ती समोर. त्याच्या नाकाचा बाक, कानाची पाळी, डाव्या भुवईतला तुटका केस, सगळं ती फळीवर उतरवून घेई. कोपऱ्यात त्याची बायको बसलेली असे, लूबाई. बारीक, पिवळट बाई, हातात कायम काहीतरी शिवण. दुपारी ती नवऱ्याला भात वाढी, माशाचे काटे काढून देई, आणि तो जेवेपर्यंत मान खाली घालून बसे. अकरा दिवसांत मी तिचा आवाज दोनदा ऐकला असेल. मला वाटलं, मुकी नसली तरी मुक्यासारखीच आहे.

शेवटच्या दिवशी यिन बाओ फार खुशीत होता. गरम दारू घेतली होती. ह्वेइताई कुंचले पुसत होती, तेव्हा तो आपणहून बोलला.

"तुला वाटत असेल मी तुझ्या बापाला विसरलो. नाही विसरलो. त्या वेळी तो नसता ना, तर ते कपाळ माझं असतं. एका अर्थी त्याचे उपकारच आहेत माझ्यावर. म्हणून तर काम तुला दिलं."

ह्वेइताईनं कुंचले पिशवीत घातले. वाकून नमस्कार केला. वाटेत विहीर लागली. मी म्हटलं, ताई, पाणी पी. तिनं विहिरीशी पाणी घेतलं, तोंडात धरलं आणि थुंकून टाकलं.

त्यानंतर दीड महिना ती त्या पटावर बसली. तसा पट मी आजवर पाहिलेला नाही. ड्रॅगनांचे खवले मोजून घ्यावेत. कडं असं की बोट घालून फिरवावंसं वाटे. मला वाटायला लागलं की, हिचा राग कामात जिरला. मग एक दिवस तिनं दार लोटून घेतलं आणि मला जवळ बोलावलं. चेहरा तेवढा राहिला होता. तिनं शाई घेतली आणि यिन बाओच्या मोकळ्या कपाळावर, नखाएवढ्या जागेत, भिंतीच्या कैद्याची अक्षरं काढली. बारीक, स्वच्छ, जशी तिच्या वडिलांच्या कपाळावर होती तशीच.

मी म्हटलं, "हे कुणी पाहिलं तर आपण दोघी बाजारात उभ्या कापल्या जाऊ."

"कुणी पाहणार नाही. वर शिंपल्याच्या पुडीचा पांढरा देते. रेशमाखाली ओल आली की पांढरा झडेल. तेव्हा तो मातीखाली असेल." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण त्यासाठी सरस पातळ हवा. तो मला तुझ्याइतका साधत नाही."

माझ्या दोन मुली होत्या, त्यातली एक पोटुशी. मी बाहेर जाऊन मडक्याजवळ बसले. बराच वेळ बसले. शिपाई शाईची वाटी घेऊन गेला होता, त्या दिवशी मी तिथेच होते, आणि त्या शाईतला सरस मी उकळलेला होता. हे मी कुणाला आजवर बोलले नाही, तिलाही नाही. मी उठले आणि मडक्यात पाण्याच्या तीन वाट्या जास्त ओतल्या.

यिन बाओ पट बघायला स्वतः आला. दिव्यासमोर धरून बघितला, उन्हात धरून बघितला. फार समाधान झालं त्याचं. एवढंच म्हणाला की कपाळ जरा जास्तच उजळ झालं आहे.

"भाग्यवान माणसाचं कपाळ उजळच असतं, मालक," ह्वेइताई म्हणाली.

त्यानं तो पट देवदाराच्या पेटीत ठेवला. आणि त्याच शरदात, भाताची कापणी चालू असताना, पोटात कळ येऊन तीन दिवसांत गेला. ह्वेइताईला कळलं तेव्हा तिनं केस धुतले, नवा सदरा घातला आणि दारात येऊन बसली, सण असल्यासारखी.

पण आमच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. मुहूर्त बघणाऱ्यानं दफनाला सव्वीस दिवसांनंतरचा दिवस काढला. तोवर पट शवपेटीशेजारी टांगलेला, आणि नदीवरचं धुकं रोज सकाळी वाड्यात शिरत होतं. पांढरा मातीखाली झडायचा, तो तिथेच झडायला लागला.

तेराव्या दिवशी वाड्यावरून माणूस आला. थोरल्या बाईंनी बोलावलंय, रंगाचं सामान घेऊन या. मी मुलींना सांगितलं, मी आले नाही तर मावशीकडे जा. ह्वेइताई शांत होती. मला म्हणाली, विचारलं तर तुला काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, सरसाची बाई आणि तिला सरस ठाऊक नाही, हे कोण मानेल.

लूबाईंनी सगळ्यांना बाहेर घालवलं होतं. मुलगा यिन शेंग पाहुण्यांकडे होता. बाई जाडाभरड्या सुतकी कपड्यांत पटाखाली उभ्या होत्या. यिन बाओच्या कपाळावरचा पांढरा तांदळाएवढ्या कपचीनं उडाला होता आणि त्यातून एका अक्षराचा कोपरा दिसत होता. ज्यानं ते अक्षर कधी पाहिलं आहे, त्याला कोपरा पुरे.

"हे काय आहे, मला कळतं," लूबाई म्हणाल्या. "तुमच्या तोंडून ऐकायचंय."

ह्वेइताई गुडघ्यांवर बसली नाही. उभ्याउभ्या तिनं सगळं सांगितलं. ड्रॅगन, पट्टी, शाईची वाटी, फुटकं कौल. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "हवं तर शिपाई बोलवा. जे काढलंय ते मी पुसणार नाही."

लूबाईंनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "ती पट्टी कुणी लिहिली होती, माहीत आहे?"

आम्हाला माहीत नव्हतं.

"माझ्या धाकट्या भावानं. ह्यांच्याकडे लेखनिक होता. ह्यांनी सांगितलं, त्यानं लिहिलं. चौकशी सुरू झाली तेव्हा तो मला म्हणाला, अक्का, मी जाऊन खरं सांगतो, तो कारागीर उगाच मरेल. मी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं, हे काहीतरी मार्ग काढतील." त्या पटाकडे वळल्या. "दुसऱ्या दिवशी भावाची दक्षिणेच्या चौकीवर बदली झाली. तिथे तापानं माणसं माशांसारखी मरतात. चार महिन्यांत निरोप आला. अठरा वर्षं मी ह्या माणसाला भात वाढला. काटे काढून वाढला."

बाहेर रडणाऱ्या भाडोत्री बायकांचा सूर चढत उतरत होता. लूबाईंनी वर चेहऱ्याकडे पाहिलं, मग ह्वेइताईच्या पिशवीकडे.

"शेंगला हे दिसता कामा नये. तो बापावर जीव टाकतो, आणि तो तुम्हाला सोडणार नाही. कपाळाला पांढरा लावा." त्या दाराकडे वळल्या आणि वळताना म्हणाल्या, "पातळच लावा."

सव्वीसाव्या दिवशी दफन झालं. धुकं नव्हतं, स्वच्छ ऊन होतं. पट बांबूवर सगळ्यांत पुढे, आणि लोक म्हणत होते, काय चेहरा काढलाय, आता बोलेल. आम्ही गल्लीतली माणसं मागे चालत होतो. पट शवपेटीवर पालथा घातला, तेव्हा लूबाई स्वतः पुढे झाल्या आणि त्यांनी त्याच्या कडा हातानं सरळ केल्या. मग बाहेरच्या पेट्या, मग कोळसा, मग पांढरी चिकणमाती. माती ठोकायला तटावरचे कैदी आणले होते, सगळे डागी कपाळांचे. साठ माणसं एका तालात धुमस उचलत होती आणि आपटत होती. बाकीचे लोक परत फिरले, तरी ह्वेइताई हलली नाही. धुमस आपटला की तिची मान किंचित हले. संध्याकाळी घरी आल्यावर ती दोन वाट्या भात जेवली आणि भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपली. तिला गाढ झोपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षांनी राजधानीतून हुकूम आला. अंगावर खुणा करायच्या शिक्षा बंद. यापुढे कुणाच्या कपाळाला सुरी लागणार नाही. आमच्या गल्लीत त्या दिवशी लोकांनी दारूची मडकी फोडली, म्हातारे रडले. मी धावत ह्वेइताईकडे गेले. ती चंद्रातला बेडूक रंगवत होती. तिनं ऐकून घेतलं आणि कुंचला भिंतीवर फेकून मारला.

मला वाटलं, बापाच्या वेळी हा हुकूम का आला नाही, याचा राग. तोही होताच. पण दुसऱ्या दिवशी ती पश्चिमेच्या टेकडीवरच्या मांत्रिकिणीकडे गेली आणि मलाही नेलं. तिला एकच विचारायचं होतं. इथला कायदा वर चालतो का? खाली माफ झालेली खूण रखवालदारही माफ करतात का?

मांत्रिकीण खूप म्हातारी बाई. तिनं कासवाची पाठ विस्तवावर धरली, भेगा बघितल्या आणि म्हणाली की हुकूम नव्या शिक्षांना आहे, जुन्या खुणा जुन्याच राहतात. ह्वेइताईनं विचारलं, नक्की? बाई म्हणाली, भेगा इतकंच सांगतात. परत येताना ताईचं तोंड कडू झालेलं होतं. "तो बोलण्यात लोण्यासारखा आहे," ती म्हणाली. "दाराशी तो हुकूम दाखवेल. म्हणेल, बघा, आता हे गुन्ह्यात धरत नाहीत. आणि ते सोडतील."

त्या वर्षी तिनं वडिलांचा पट केला. चोरून, हातभर रेशमावर. कपाळ स्वच्छ, हातात कुंचला. उत्तरेच्या खड्ड्यापाशी आम्ही दोघी गेलो, कौलं शोधली, पण नावं पावसानं धुऊन गेली होती. मधोमध अंदाजानं जागा बघून पुरला. एवढ्या हाडांत तो कुणाला मिळाला असेल कोण जाणे. ती म्हणाली, कुणाला का मिळेना, वाट तर दाखवेल.

लूबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. मरताना त्यांनी सांगून ठेवलं की, मला नवऱ्याच्या टेकाडात घालू नका, भावाच्या नावाची जागा नदीपलीकडे आहे तिथे ठेवा. यिन शेंगनं ऐकलं नाही. त्याला कारण कळेना आणि सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांचा पट ह्वेइताईनंच केला. त्यावर लूबाईंची पाठ तिनं वाटेकडे ठेवली आणि तोंड नदीकडे. यिन शेंगनं विचारलं तर सांगितलं, अशीच रीत आहे.

गेल्या वर्षी ताईच्या हाताला कंप सुटला, मग छातीत कफ झाला. शेवटच्या आठवड्यात मी तिच्याजवळ होते. मी तिला लापशी भरवत होते आणि विचारलं, की तुझा पट मी करू का. आमच्यासारख्यांना रेशीम परवडत नाही आणि शोभतही नाही, पण तागाचा तुकडा होता, आणि मला रेघ ओढता येते, चेहरा येत नाही.

ती म्हणाली, कर. सूर्य नको, चंद्र नको. राक्षस तर मुळीच नको, तुझ्या हातून तो बेडकासारखा होईल. फक्त दार काढ आणि दोन रखवालदार.

"आणि तू कुठे?"

"त्यांच्याजवळ. आत नको काढूस. बाहेर, उंबऱ्याशी. यिन बाओ अजून वाटेत असेल, त्याला वेळ लागणार, कपाळ लपवत लपवत येणार. कुणीतरी ओळखणारं तिथे हवं."

मी म्हटलं, "आणि तो आलाच नाही तर? जन्मभर, म्हणजे, कायमची तू तिथेच उभी राहणार?"

"अठरा वर्षं बसून होते की," ती म्हणाली. "उभं राहायला काय लागतं."

मी तसंच काढलं. रखवालदार दोन्ही वाकडे झाले, एकाचे डोळे तर वेगवेगळ्या दिशांना गेले. ह्वेइताई मात्र बरी जमली. दाराच्या डाव्या अंगाला, हात कमरेवर, तोंड वाटेकडे. सरस मी या वेळी घट्ट उकळला होता.